माझं घड्याळ ऐंशी सालात गेलं

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, आज तुमच्याकडे जे चपटे, हलके, मांडीवर मावणारे संगणक असतात, त्यांच्या शेजारी मला ठेवलं तर मी धान्याच्या कोठीसारखा दिसेन. माझा रंग मूळचा पांढरा. आता तो हळदीच्या हातानं पुसल्यासारखा पिवळट झाला आहे. गडचिरोलीतल्या एका संस्थेच्या वाचनालयात, खिडकीजवळच्या टेबलावर मी असतो. मुलं येतात, माझ्या पाठीवर थाप मारतात आणि विचारतात, "हा अजून चालते का?"

हो, चालतो. पण एकदा मी कोरा पुसला जाणार होतो, आणि माझ्याबरोबर एका बाईचा आवाजही जगातून पुसला जाणार होता. त्या दिवसांत एकामागून एक असे धक्के बसले की ते आठवले तरी आजही माझा पंखा अडखळतो.

माझी जुळणी नागपूरच्या सीताबर्डीत, एका अंधाऱ्या दुकानात झाली. कुणी माझी चकती बसवली, कुणी तारा जोडल्या. मग खोक्यात भरून, दोरीनं आवळून मला एसटीत चढवलं. ब्रह्मपुरी, आरमोरी असं करत, वैनगंगा ओलांडून मी गडचिरोलीला पोहोचलो. ही दोन हजार सालाच्या थोडं आधीची गोष्ट.

ज्या संस्थेनं मला आणलं, तिचं काम वेगळंच होतं. दूरच्या जंगलातली लहान मुलं आश्रमशाळेत येत. त्यांना गोंडी येई, मराठी येत नसे. मास्तर काय बोलतात ते कळेना, म्हणून ती भेदरून कोपऱ्यात बसत. ही संस्था त्यांच्यासाठी गोंडी गोष्टींच्या कॅसेटी आणि पुस्तकं करत असे. आपल्या बोलीतली गोष्ट कानावर पडली की मुलं रडायची थांबत. संस्थेचे प्रमुख होते धनराजभाऊ. टायपिंगला रीता नावाची मुलगी होती, आणि गोष्टी गोळा करायला वच्छला.

वच्छला चामोर्शीकडच्या मासे धरणाऱ्या घरातली. वडील तलावात जाळं टाकत. तिला आवाजांचं वेड होतं. सगळ्या कार्यालयात आवाज टिपायची सोय फक्त माझ्यात होती, म्हणून ती माझ्यापुढे बसे. गावोगावची माणसं माझ्याभोवती जमत आणि आपलाच आवाज ऐकून तोंडावर पदर घेत, मांडीवर हात मारत. ते माझे मानाचे दिवस होते.

पुढे आणखी संगणक आले. त्यांच्यासोबत कुलूपबंद कपाटात एक मोठा संगणकही आला. त्याला सगळे सर्व्हर म्हणत. आम्हा सगळ्यांना तारांनी त्याच्याशी जोडलं, आणि एक नवीच रीत सुरू झाली. प्रत्येक माणसाचं सगळं सामान, म्हणजे त्याची चित्रं, त्याची कागदपत्रं, पडद्यावरची त्याची मांडणी, सर्व्हरकडे राहू लागलं. ह्या सामानाला 'प्रोफाइल' म्हणत. मी आपला त्याला फिरतं बिऱ्हाड म्हणतो. वच्छलानं कुठल्याही संगणकावर आपलं नाव आणि परवलीचा शब्द टाकला की तिचं बिऱ्हाड सर्व्हरकडून तिथं येई. काम संपवून ती बाहेर पडली की ते सर्व्हरकडे परत जाई. फक्त त्याची एक नक्कल त्या संगणकाच्या पोटात राही. पुढच्या वेळी दोन्हींची तारीख ताडून पाहायची आणि जे बिऱ्हाड नवीन तारखेचं, ते खरं मानायचं, हा आमचा नियम.

नियम चांगला होता. पण तो सगळा तारखेवर उभा होता.

आता बुधरीबाईबद्दल सांगतो. एटापल्लीच्या पलीकडे, सूरजागडच्या डोंगरांकडे तिचं गाव. साठी उलटलेली, बारीक अंगाची, कपाळावर गोंदण. अस्वलाच्या लग्नाची गोष्ट ती अशी सांगे की ऐकणारा आधी हसे आणि मग घाबरून मागं वळून पाही. धनराजभाऊंच्या कानावर तिचं नाव बरंच आधी आलं होतं. प्रत्यक्षात ती आली ती आजारपणामुळे. तिचा आवाज घोगरा झाला होता, घास गिळवत नव्हता. मुलगा दसरू तिला गडचिरोलीच्या डॉक्टरांकडे घेऊन आला. डॉक्टरांनी नागपूरला जायला सांगितलं. घशात गाठ होती. ती काढायची तर आवाजाची पेटीच काढावी लागणार होती. जीव वाचेल, पण बोलणं कायमचं जाईल.

तिथून दोघं संस्थेत आली. हे ऐकून वच्छला हळहळली. बुधरीबाई मात्र शांत होती.

"आवाज जाईन तं जाऊ दे," ती म्हणाली. "पर नातवाईले गोष्टी कोन सांगन?"

"माय, जायच्या आधी तू ह्याच्यात सांगून ठेव," वच्छलानं माझ्याकडे बोट दाखवलं.

बुधरीबाईनं मला नीट न्याहाळलं. "ह्या डब्ब्यात? अन् मंग तो सांगन माह्या नातवाईले?"

"सांगन ना, माय."

असे ते दिवस सुरू झाले. नागपूरला जायच्या आधीचा सगळा वेळ बुधरीबाई माझ्यासमोर बसून होती. मध्येच खोकला येई, ती पाणी पिई आणि पुन्हा सुरू करी. अस्वलाचं लग्न, रुसलेला पाऊस, सशानं वाघाला घातलेलं कोडं. घसा दुखे तेव्हा वच्छला म्हणे, "आता बस कर, माय." ती मान हलवी. "अजून एक राह्यली."

त्याच आठवड्यात माझ्या आत काहीतरी बिघडलं. मित्रांनो, आमच्या पोटात रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो. वीज गेली तरी तो आमचं घड्याळ चालू ठेवतो. माझा सेल थकून संपला होता. वीज गेली की माझं घड्याळ थेट एक जानेवारी एकोणीसशे ऐंशीवर जाऊन बसे. सकाळी मला सुरू केलं की मी पिंक पिंक करून ओरडे आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ दाखवी. वच्छलाला बुधरीबाईच्या आवाजाची घाई होती. ती एक कळ दाबून ती ओळ घालवी आणि कामाला लागे. तिची काय चूक? ताप आलेल्या माणसाचंही कपाळ कुणीतरी हात लावून बघावं लागतं. माझ्या कपाळाला हात लावायचं कुणाचं कामच ठरलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी वच्छलानं सगळ्या गोष्टी पडद्यावर एका जागी ठेवल्या आणि त्या जागेला 'बुधरी' नाव दिलं. मग ती बाहेर पडली. सामान जड होतं, सर्व्हरकडे जायला फार वेळ लागला. रीता म्हणाली, "चाल ना वं, बस चुकन."

"पूर्ण गेल्याशिवाय मी उठत नाई," वच्छला म्हणाली, आणि खरोखरच उठली नाही. पडद्यावर काम संपल्याचं दिसलं तेव्हाच तिनं माझ्यावर कापड टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती बुधरीबाई आणि दसरूबरोबर नागपूरला गेली. त्या दोघांचं तिथं ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून ही त्यांच्यासोबत दवाखान्याच्या व्हरांड्यात राहिली.

इकडे रीतानं एकदा मला सुरू केलं. मी पिंक पिंक केलं आणि अडून बसलो. "हे बिघडलं," ती म्हणाली. धनराजभाऊंनी मला उचलून कोपऱ्यात ठेवायला लावलं. माझ्यावर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा चढला. ज्या टेबलावर माणसं माझ्याभोवती दाटी करत, तिथं आता पाण्याचा माठ आला.

बऱ्याच आठवड्यांनी वच्छला परतली. सोबत दसरू होता आणि बुधरीबाई. बुधरीबाईच्या गळ्याला पांढरी पट्टी होती. तिच्याखाली एक भोक होतं, आणि त्यातून श्वास फुसफुसत येई. ती आणखी बारीक झाली होती. मी बंद होतो, कोपऱ्यात होतो, पण तिची चाहूल मला लगेच कळली.

"मायले आवाज ऐकायचा हाय म्हन्ते," दसरू म्हणाला. मग स्वतःच ओशाळला. "म्हन्ते म्हंजे... तिनं हातानं सांगतलं मले."

सगळे रीताच्या संगणकाभोवती बसले. बुधरीबाईला खुर्ची दिली. तिनं लुगड्याचा पदर नीट केला. वच्छलानं नाव टाकलं, परवलीचा शब्द टाकला. पडदा उजळला.

'बुधरी' नव्हतं.

वच्छलानं डोळे चोळून पाहिलं. वर पाहिलं, खाली पाहिलं. तिची जुनी चित्रं होती, जुनी कागदपत्रं होती. नव्या गोष्टींचा मात्र मागमूस नव्हता.

"थांबा हं, बरोबर उघडलं नाई वाटते," ती म्हणाली. ती बाहेर पडली आणि पुन्हा आत आली. नव्हतं. पुन्हा बाहेर, पुन्हा आत.

"कुठी गेला?" दसरूनं विचारलं. "बाई, माह्या मायचा आवाज कुठी गेला?"

वच्छलानं कोपऱ्याकडे पाहिलं. "त्या जुन्या मशीनवर पाहू का?" ती पुटपुटली.

"काऊन? मशीन कोनतंही असो, तुझं सामान सर्व्हरमधूनच येते ना?" रीता म्हणाली. "तिथीच नाई तं त्या बिघडलेल्यात कुठून येईन?"

मी वर्तमानपत्रांखाली तळमळत होतो. अगं, माझ्याकडे आहे! माझ्या पोटात आहे! ये, माझ्यापुढे बस, तुझं नाव टाक! पण मला कोण ऐकणार? मला फक्त पिंक पिंक करता येई, आणि तेही सुरू असताना.

बुधरीबाई काही वेळ त्या पडद्याकडे बघत राहिली. मग उठली, वच्छलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दाराकडे चालू लागली. दसरू तिच्या मागे गेला.

मित्रांनो, ओरडणारा माणूस परवडतो. ती मान खाली घालून गेलेली दोन माणसं पाहून कार्यालयात सगळे सुन्न झाले.

चंद्रपूरहून देवानंदला बोलावलं. तारांचं आणि सर्व्हरचं काम त्याच्याकडे होतं. आला तसा त्यानं कपाट उघडलं आणि सर्व्हर धुंडाळला. वच्छलाचं बिऱ्हाड होतं, पण त्यात आवाज नव्हते.

"ह्याची दुसरी प्रत कुठं ठेवता?" त्यानं विचारलं.

"सर्व्हर हीच तर दुसरी प्रत ना?" धनराजभाऊ म्हणाले.

देवानंदनं कपाळाला हात लावला. "भाऊ, सर्व्हरवर चुकीचं गेलं तर तो चुकीचंच जपून ठेवतो." मग तो वच्छलाकडे वळला. "मॅडम, राग मानू नका. बहुतेक तुमच्याच हातून पुसलं गेलं."

"मी पूर्ण जाईपर्यंत बसून होती," वच्छला म्हणाली. "विचारा रीताले."

"होते असं, घाईत," धनराजभाऊ थकलेल्या आवाजात म्हणाले.

दिवसभर वच्छला खिडकीतून बाहेर पाहत होती. मी पाहिलं, ती आपल्या बोटांकडे अशी बघत होती, जणू ती दुसऱ्याच कुणाची आहेत. खरं वागलेल्या माणसाला स्वतःचाच संशय यावा, ह्याहून वाईट काय असतं?

आणि मग माझी पाळी आली. "आलाच आहेस तर हे जुनं मशीनही कोरं करून दे," धनराजभाऊ देवानंदला म्हणाले. "आश्रमशाळेला देऊन टाकू."

मला टेबलावर घेतलं. वर्तमानपत्रांची धूळ झटकली. देवानंदच्या हातात एक चकचकीत तबकडी होती. ती माझ्यात घालायची आणि माझं पोट साफ करायचं. सगळं पुसलं जाणार होतं, बुधरीबाईही. त्यानं मला सुरू करताच मी जिवाच्या आकांतानं पिंक पिंक केलं.

"ओरडून राह्यलं बिचारं," रीता म्हणाली.

तबकडीवरून सुरू व्हायचं, तर आधी माझ्या मुळातल्या मांडणीत जाऊन तसं सांगावं लागतं. देवानंद तिथं गेला. निळा पडदा उघडला. सगळ्यात वर तारीख होती. तो कळ दाबता दाबता थांबला.

"एकोणीसशे ऐंशी?" तो स्वतःशीच म्हणाला.

त्यानं खुर्ची पुढे ओढली. "वच्छलाबाई, इकडं या. ते आवाज कोणत्या मशीनवर भरले होते?"

"ह्याच्यावरच."

"आणि त्या आजीसमोर कोणत्या मशीनवर उघडलं?"

"रीताच्या."

देवानंदचा हात तोंडावर गेला. "अरे देवा! ह्याचा सेल मेला आहे. तुम्ही ह्याच्यावरून पाठवलेलं सामान ऐंशी सालाची तारीख लावून वर, सर्व्हरकडे गेलं. रीताबाईंच्या मशीनमध्ये तुमची जुनी नक्कल पडून होती. तिची तारीख ह्या वर्षाची. त्यानं वरचं पाहिलं, म्हणालं हे तर वीस वर्षं जुनं. आपलंच नवं धरलं. आणि तुम्ही बाहेर पडलात तेव्हा तेच वर पाठवलं, खऱ्या सामानाच्या छाताडावर."

"म्हंजे..." वच्छलानं विचारलं. "आम्ही मायसमोर बसलो तेव्हा ते होतं? अन् तिच्या डोळ्यासमोरच गेलं?"

"हो. पण ह्याच्या पोटात नक्कल असेल. असायलाच पाहिजे."

वच्छलाला धीर धरवेना. देवानंद मला नीट सुरू करतो न करतो, तोच नाव टाकायची चौकट येताच तिनं कळफलक ओढला आणि आपलं नाव टाकायला लागली.

"थांबा!" देवानंद एवढ्या जोरात ओरडला की रीताच्या हातून पाण्याचा पेला पडला. त्यानं वच्छलाचं मनगट धरलं. "हात नका लावू! तुम्ही आत आलात की हे मशीन तारीख बघेल. वरचं सामान आता ह्या वर्षाचं आहे, ह्याच्यातलं ऐंशी सालचं. ते वरचं खाली आणेल आणि ह्याच्यातलं खरं पुसून टाकेल."

मित्रांनो, वीज अंगावर पडावी तसं मला झालं. इतके दिवस मी काय मागत होतो? वच्छलानं माझ्यापुढे बसावं, आपलं नाव टाकावं! त्या दिवशी तिनं रीताचं न ऐकता माझ्याकडे धाव घेतली असती, तर मी स्वतःच बुधरीबाईचा आवाज पुसला असता, आणि मला ते कळलंही नसतं. नियम पाळल्याच्या समाधानात मी बसलो असतो. ज्या गोष्टीसाठी मी तळमळत होतो, ती झाली नाही म्हणूनच सगळं वाचलं होतं.

देवानंदनं आधी माझ्या पाठीतली तार उपटली, म्हणजे सर्व्हरशी माझं बोलणं तुटलं. मग वच्छलाच्या नावानं नव्हे, तर देखभाल करणाऱ्याच्या नावानं तो आत आला. एकेक कप्पा उघडत तो वच्छलाच्या बिऱ्हाडापर्यंत पोहोचला. तिथं 'बुधरी' होतं.

त्यानं एका गोष्टीवर बोट ठेवलं. माझ्या भोंग्यातून आधी खोकल्याचा आवाज आला, आणि मग अस्वलाचं लग्न सुरू झालं. वच्छला टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. धनराजभाऊ तिच्याजवळ आले. "पोरी, तू बरोबर होती. आम्ही तुझं ऐकलं नाई," एवढंच ते म्हणाले. देवानंद मान खाली घालून आवाजांच्या आणखी प्रती करत राहिला, वेगवेगळ्या जागी.

बुधरीबाईची पट्टी बदलायची असे, म्हणून ती आणि दसरू गडचिरोलीतच एका नातेवाइकाकडे थांबले होते. वच्छला स्वतः जाऊन त्यांना घेऊन आली. ह्या वेळी बुधरीबाई माझ्यासमोर बसली. दसरू दाराशीच उभा राहिला. पुन्हा काही घडेल, पुन्हा नसेल, ह्या भीतीनं तो आत येईना.

आवाज सुरू झाला. गोंडीतली गोष्ट, सावकाश, मध्ये श्वास घेत. बुधरीबाईनं डोळे विस्फारले. ती माझ्या मागे डोकावली, जणू तिथं कुणी बसलं आहे. मग तिचे ओठ हलू लागले. भोंग्यातून येणाऱ्या प्रत्येक शब्दावर तिचे ओठ नेमके पडत होते, पण त्यांतून येत होती फक्त गळ्यातली फुसफुस. अस्वल नवरीच्या मांडवात आलं तेव्हा ती हसली. खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं, आवाज आला नाही.

गोष्ट भरताना एका जागी बाहेर कुत्रं भुंकलं होतं. त्या जागी आवाज थांबला. तेव्हा बुधरीबाई त्या कुत्र्यावर चिडली होती. गोष्ट तशीच सोडून तिचा तेव्हाचा आवाज माझ्यातून मोठ्यानं ओरडला, "दसरू! ए दसरू!"

"ओ, माय!"

दाराशी उभा असलेला दसरू धावत आत आला. खोलीच्या मध्यापर्यंत येऊन तो थबकला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आईच्या मिटलेल्या ओठांकडे. दवाखान्यात सगळे दिवस घट्ट राहिलेला तो उंचापुरा माणूस तिथंच जमिनीवर बसला आणि तोंड झाकून रडू लागला. बुधरीबाईनं खुर्ची सोडली. ती त्याच्याजवळ खाली बसली, आणि दोघांनी उरलेली गोष्ट तशीच ऐकली.

पुढे त्या गोष्टींच्या कॅसेटी आश्रमशाळांत गेल्या. बुधरीबाईच्या नातवंडांनीही ऐकल्या. ती बरीच वर्षं जगली. कॅसेट लागली की मुलांच्या मागं बसून हातवारे करी. मला कुणाला दिलं नाही. माझ्यात नवा सेल घातला, आणि वच्छलानं त्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवली.

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला जे सांगितलं ते मी करतो. ते चूक की बरोबर, हे मला कळत नाही. म्हणून आम्हाला कोपऱ्यात टाकून विसरू नका. आम्ही कुरकुर केली तर काय दुखतं ते बघा. जे परत मिळणार नाही, ते एकाच जागी ठेवून निर्धास्त राहू नका. आणि काही हरवलं, तर समोरच्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी त्याचं म्हणणं एकदा पूर्ण ऐकून घ्या. तो खरं बोलत असेल, आणि त्याचा पुरावा आमच्यासारख्या एखाद्या मुक्याच्या पोटात पडून असेल.